वांग्याची मर: वरचे वाफे मरतात, खालचे का मरत नाहीत?

परड्यातली (कुडाळ)

नमस्कार. घरामागे उतारावर आमचं चार गुंठ्यांचं परडं आहे. त्यात सात वाफे, प्रत्येकात चाळीस झाडं. दसऱ्याच्या सुमारास गावठी वांगी लावते, बी घरचंच. थोडी मिरची आणि टोमॅटोही असतात. आठवडी बाजारात माझी वांगी लोक विचारून घेतात, त्यावर घरातला बराच खर्च निघतो.

गेली तीन वर्षं झाडं मरतायत. पानं पिवळी पडत नाहीत, डाग नाहीत, कीड नाही. सकाळी झाड ताठ असतं, दुपारी शेंड्याची पानं माना टाकतात, संध्याकाळी थोडं सावरतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उभं झाड हिरवंच वाळून जातं. तेही फुलं आणि पहिली वांगी धरल्यावर. कृषी विभागाच्या एका ताईंनी दाखवलं तसं मी खोड कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरलं. पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला. त्यावरून जिवाणूची मर आहे एवढं कळलं.

आता माझा खरा प्रश्न. वरच्या पाच वाफ्यांत यंदा आत्तापर्यंत ३१, २८, ३३, २६ आणि ३० झाडं गेली. खालच्या दोन वाफ्यांत फक्त ४ आणि ६. रोपं एकाच तरव्यातली, एकाच दिवशी लावलेली, पाणी एकाच विहिरीचं. आणि पाणी वरून खाली येतं! वरच्या आजारी वाफ्यांतलं सगळं पाणी या खालच्या दोन वाफ्यांतूनच जातं, म्हणजे रोग तिथे पोचला नाही असं म्हणताच येत नाही.

त्या दोन वाफ्यांच्या जागी पूर्वी गोठ्यामागचा उकिरडा होता. सासूबाई वीस-पंचवीस वर्षं शेण, गोठ्यातला केर, फणसाचा आणि आंब्याचा पाला तिथेच टाकायच्या. गोठा मोडला तेव्हा मी ती जागा सपाट करून वाफे पाडले.

दुकानदार म्हणतो सातही वाफ्यांत ब्लिचिंग पावडर टाका, जमीन साफ होईल. वरच्या वाफ्यांत टाकायला मी तयार आहे, पण खालच्या दोन वाफ्यांवर हात धजत नाही. त्या मातीत नक्की काय आहे? ती माती वर नेली तर वरची झाडं वाचतील का?

आलेवाला (कोरेगाव, सातारा)

ताई, तुमची दुधाच्या धाग्याची गोष्ट वाचून पोटात गोळा आला. माझं दीड एकर आलं दोन वर्षांमागे असंच बसलं. पानं खालून गुंडाळली, खोड हाताने ओढलं की कंदापासून सुटून यायचं, वास मारायचा. अँटिबायोटिकची भुकटी आणि तांब्याचं औषध मिसळून आळवणी केली, तीनदा. मग कुणी सांगितलं म्हणून ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनासच्या बाटल्या ओतल्या. पैसे गेले, आलंही गेलं. तुमच्या उकिरड्यात जे आहे ते बाटलीत का येत नाही, हे मलाही कुणीतरी समजावून सांगा.

मुळाशी (दापोली)

ताई, सगळ्यात आधी: खालच्या दोन वाफ्यांत ब्लिचिंग पावडर टाकू नका. बाकीचं वाचायला वेळ लागेल, म्हणून हे वरती लिहिलं.

मी बावीस वर्षं वनस्पती रोगशास्त्र शिकवलं. तुम्ही जे मोजून ठेवलंय ते पाहून मला माझेच दिवस आठवले. एम.एस्सी.ला असताना याच जिवाणूवर काम करत होतो. कुंड्यांमधली माती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, निर्जंतुक करून त्यात टोमॅटो लावायचे आणि रोग सोडायचा, म्हणजे प्रयोग ‘स्वच्छ’ होतो. एकदा माती कमी पडली म्हणून काही कुंड्यांत बांधावरची कच्ची मातीच भरली. निर्जंतुक मातीतली झाडं आठवड्यात आडवी झाली, कच्च्या मातीतली निम्म्याहून जास्त उभी राहिली. त्या कुंड्या मी मोजणीतून काढून टाकल्या, कारण त्यांनी आकडे बिघडत होते. खरं उत्तर त्या कुंड्यांमध्येच होतं. ते मी फेकून दिलं याची रुखरुख अजून आहे, म्हणून तुम्हाला एवढ्या कळकळीनं लिहितोय.

या जिवाणूचं नाव राल्स्टोनिया सोलॅनसिएरम. १८९६ मध्ये अमेरिकेत अर्विन स्मिथ यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं, तेव्हापासून त्याचं नाव दोन-तीनदा बदललं. दोनशेहून जास्त जातींच्या वनस्पतींवर तो येतो. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा हे एकाच घरातले, त्यांच्यावर तर येतोच, पण आलं, केळी, भुईमूग यांनाही सोडत नाही. मुळाला जिथे जखम असते किंवा जिथे आडमूळ साल फोडून बाहेर येतं, त्या फटीतून तो आत शिरतो. पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत पोचला की तिथे कोटींनी वाढतो आणि भोवती चिकट साखरेसारखा पदार्थ सोडतो. नळ्या तुंबतात. जमिनीत ओल असून झाड तहानेनं मरतं, म्हणूनच पानं हिरवी राहतात. ग्लासात दिसलेला धागा म्हणजे तोच चिकटा आणि त्यातले जिवाणू. एकदा तो नळीत शिरला की फवारणी त्याच्यापर्यंत पोचत नाही. आलेवाले दादा, तुमच्या आळवणीचं तसंच झालं असणार.

म्हणजे जी काही लढाई आहे ती मुळाच्या बाहेर, तो आत शिरायच्या आधी. तिथे मातीतले रहिवासी कामाला येतात.

एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं समजा. मूळ वाढताना साखरा, आम्लं असं काय काय बाहेर सोडतं. त्यावर जगणारे शेकडो प्रकारचे जिवाणू मुळाच्या सालीवर आधीच जागा धरून बसलेले असतात, आणि ज्या फटींतून राल्स्टोनिया शिरतो तिथे तर त्यांची गर्दीच असते, कारण खाणं तिथेच जास्त पाझरतं. उशिरा आलेल्याला खायला उरत नाही. चीनमधल्या नानजिंगच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हेच दाखवलं: मुळावरचे जिवाणू मिळून जितकं राल्स्टोनियाचं आवडतं खाणं संपवतात, तितका त्याला शिरकाव अवघड होतो. एकटा कितीही जोरदार जिवाणू असला तरी सगळी ताटं त्याला संपवता येत नाहीत.

नुसतं खाणंच नाही, लोहावरूनही ओढाताण असते. आपल्या लाल मातीत लोह भरपूर, पण ते गंजाच्या रूपात असतं, जिवाणूला सहज मिळत नाही. म्हणून जिवाणू लोह पकडून आणणारे छोटे रेणू बाहेर सोडतात. ज्या रहिवाशांचे रेणू राल्स्टोनियाला वापरता येत नाहीत ते त्याला उपाशी ठेवतात. पण काहींचे रेणू तो चोरून वापरतो, आणि असे शेजारी असले तर त्याचं उलट फावतं. हे २०२० मधलं काम आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण ‘उपयोगी जिवाणू’ म्हणून काहीही ओतलं की भलंच होतं हा समज त्यानं मोडतो. दादा, तुमच्या बाटलीच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. दुसरं असं की बाटलीतला पाहुणा तुमच्या मातीत नवखा असतो, बरेचदा काही आठवड्यांत त्याची संख्या घसरते. शिवाय ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, तिचा खरा हातखंडा बुरशीच्या रोगांवर. आल्याच्या कंदकुजीत बुरशी होती की जिवाणू, हे आधी ग्लासात बघायला हवं होतं.

याशिवाय काही रहिवासी प्रतिजैविकं तयार करतात, काही एकपेशीय प्राणी जिवाणू गिळूनच जगतात, आणि काही विषाणू फक्त राल्स्टोनियालाच फोडतात. त्या विषाणूंपासून वाचायला राल्स्टोनिया स्वतःत बदल करतो, पण त्याची किंमत म्हणून त्याची वाढ मंदावते. उकिरड्याच्या मातीत हे सगळे एकत्र नांदतात.

हा गुण एका मातीतून दुसरीत नेता येतो का? येतो, आणि हे जुनं ज्ञान आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत मेंझीज यांनी बटाट्याच्या खपली रोगावर काम केलं. तो रोगही जिवाणूचाच. जुन्या, रोग न धरणाऱ्या शेतातली थोडी माती त्यांनी रोगट मातीत मिसळली, सोबत लसूणघासाचं पीठ घातलं आणि रोग दबला. ती माती आधी तापवली तर मात्र गुण जायचा. यावरून ते काम सजीवांचं होतं हे कळलं. २०१८ मध्ये कोरियातल्या गटानं तर आपल्याच रोगावर दाखवलं: हवाई ७९९६ ही टोमॅटोची जात मर सहन करते, मनीमेकर करत नाही. हवाईच्या मुळाभोवतीचे जिवाणू काढून मनीमेकरला दिले तर तिच्यातली मर कमी झाली.

तरी टोपल्या भरभरून माती वर नेऊ नका. खालीही १० झाडं गेलीत, म्हणजे त्या मातीतही राल्स्टोनिया आहे, फक्त दबलेला आहे. मुळांवर गाठी दिसतात का तेही बघा. मुळं पोखरणारे सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे जंत, असतील तर त्यांनी केलेल्या जखमा म्हणजे याला उघडं दार.

त्याआधी घरी करून बघा. सहा-सहा कुंड्यांचे चार गट:

वरची माती.
खालची माती.
खालची माती, पण वाफवलेली.
वरच्या मातीचे नऊ भाग आणि खालच्या कच्च्या मातीचा एक भाग.

वाफवलेली माती आठवडाभर उघडी ठेवून मग वापरा, ताजी तापवलेली माती रोपाला मानवत नाही. सगळ्यांत सारखी रोपं लावा. ती महिन्याची झाली की आजारी खोड पाण्यात धरून जे दुधी पाणी मिळेल ते प्रत्येक कुंडीत वाटीनं मोजून सारखं घाला. कुंड्या परड्यापासून लांब, खाली पाणी वाहून जाणार नाही अशा जागी ठेवा आणि संपल्यावर ती माती उकळून मगच टाका. याची कुचराई करू नका.

आणि एक सांगा: रोपं कुठे करता?

परड्यातली (कुडाळ)

सर, तुमचं उत्तर दोनदा वाचलं आणि मग यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कुंड्या करते. भात उकडायचा जुना टोप आहे, त्यात माती वाफवीन.

रोपं भातासारखीच भाजावळीवर करते. शेणी, पाला, कवळ पसरून भाजायचं, मग राखेत बी फोकायचं. तण येत नाही आणि रोपं तजेलदार येतात. आमच्याकडे सगळेच असं करतात.

कुळागरकार (फोंडा, गोवा)

आमच्याकडेही ही मर पावसानंतर फार. एक वेगळा रस्ता सांगतो: मी गेली चार वर्षं कलमी रोपं लावतो. सोलॅनम टोर्व्हम नावाचं काटेरी रानवांगं आहे, त्याच्या मुळावर आपल्या आवडीच्या वांग्याचं कलम. मुळाला मर फारशी लागत नाही आणि फळ आपलंच राहतं. नाहीतर बंगळुरूच्या संस्थेच्या अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ या जाती मर सहन करतात. पण ताई, तुमच्या वांग्याची चव विचारून घेणारं गिऱ्हाईक असेल तर बी सोडू नका, कलम करा.

मुळाशी (दापोली)

कुळागरकारांचं म्हणणं पटलं. मुळाची जात आणि मातीतले रहिवासी ही दोन वेगळी कामं नाहीत, हवाई ७९९६ चं उदाहरण म्हणूनच दिलं होतं. सहनशील मूळ आपल्याभोवती वेगळी माणसं जमवतं.

ताई, भाजावळीबद्दल. तण आणि वरच्या थरातले काही रोग जळतात, राखेनं आम्लता कमी होते, हे खरंच फायद्याचं आहे. पण त्या थरातले रहिवासीही भाजले जातात. तुमचं रोप महिनाभर अशा मातीत वाढतं जिथे जागा धरणारे थोडे, आणि मग ते थेट वरच्या आजारी वाफ्यात जातं. मूळ रिकामं, आणि समोर राल्स्टोनिया. नानजिंगच्याच गटानं २०१९ मध्ये झाडांच्या मुळाजवळची माती रोग दिसायच्या आधीपासून तपासत ठेवली. कुठलं झाड पुढे मरणार आणि कुठलं जगणार, याचा फरक सुरुवातीच्याच मातीतल्या रहिवाशांत दिसला.

म्हणून पाचव्या गटाच्या सहा कुंड्या करा. माती वरचीच, पण रोप भाजावळीऐवजी चांगल्या कुजलेल्या शेणखतात आणि खालच्या वाफ्याच्या मूठ-दोन मूठ मातीत वाढवलेलं. माती मर नसलेल्या झाडांजवळची घ्या.

परड्यातली (कुडाळ)

होळी झाली, आता हिशोब देते. उशीर झाला, कारण मध्ये एका गटाची रोपं कोंबड्यांनी उकरली, ती पुन्हा लावावी लागली.

वरची माती: सहांतली पाच गेली.
खालची माती: एक गेलं.
खालची, वाफवलेली: सहाही गेली, आणि सगळ्यांच्या आधी.
वरच्या मातीत दहावा भाग खालची: तीन गेली.
शेणखतातली रोपं वरच्या मातीत: दोन गेली.

वाफवलेल्या कुंड्या बघून मला रडू आलं. तीच माती, त्याच वाफ्यातली, आणि फक्त एकदा टोपात वाफवल्यामुळे एवढा फरक! सासूबाई आता अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना सांगितलं की तुमच्या उकिरड्यानं झाडं राखली. त्यांनी विचारलं, अजून पाला टाकतेस का. गोठा मोडल्यापासून टाकलेला नाही.

ब्लिचिंग पावडर वरच्या वाफ्यांत तरी टाकू का?

मुळाशी (दापोली)

सहा-सहा कुंड्यांवरून पैज लावू नये. पाच आणि दोन यांतला फरक योगायोगानंही पडू शकतो. पण एक आणि सहा, तेही मातीत दुसरं काही न बदलता नुसती वाफ देऊन, हे मी गांभीर्यानं घेतो. तुम्ही नीट काम केलंत ताई.

ब्लिचिंग पावडरची शिफारस हेक्टरी १५ किलोची आहे, म्हणजे तुमच्या वरच्या पाच वाफ्यांना जेमतेम अर्धा किलो. ती वाईट म्हणून मी अडवत नाही. क्लोरिन समोर येईल त्याला मारतो, मित्र-शत्रू बघत नाही, आणि खोलवर किंवा मेलेल्या मुळांत लपलेला राल्स्टोनिया वाचतो. मग मोकळ्या झालेल्या जमिनीत पहिला कोण पसरतो यावर पुढचं सगळं. तुमच्याकडे खालच्या मातीत रहिवाशांचं जिवंत बियाणं आहे, म्हणून मी ती वाट धरणार नाही.

मी असं करीन. मेलेली झाडं मुळासकट काढून जाळायची, उकिरड्यावर टाकायची नाहीत, नाहीतर सासूबाईंची ठेव आपणच बिघडवू. वरच्या पाच वाफ्यांत या पावसाळ्यात आणि पुढच्या हंगामात वांगी, मिरची, टोमॅटो काहीच नको. नाचणी किंवा मका घ्या. मातीचा सामू तपासून घ्या. कोकणची माती आम्ल असते आणि आम्लात हा जिवाणू खूश असतो, तर त्याला दाबणारे बरेचसे बॅसिलस, स्यूडोमोनास हिरमुसतात. अहवालात येईल तेवढाच चुना द्या, अंदाजानं नको. पाला आणि शेणखत दरवर्षी, पुरतं कुजलेलं. पाण्याची वाट बदला, वरच्या वाफ्यांचा निचरा बाजूच्या चरातून काढा.

वांगी यंदा खालच्या दोनच वाफ्यांत, आणि रोपं भाजावळीवर नकोत. भातासाठी भाजावळ करायची तर खुशाल करा.

परड्यातली (कुडाळ)

ऐंशीच झाडं म्हणजे बाजार कमी होणार, पण मरणारी दोनशे लावून तरी काय मिळालं. चर खणायला उद्या माणूस येतोय. वर नाचणी लावते. फणसाखालचा पाला आजपासून गोळा करायला घेतला.

आलेवाला (कोरेगाव, सातारा)

सर, मग मी यंदा बेणं लावायच्या आधी शेणखतात शेजारच्या जुन्या मळ्याची माती कालवू का?

मुळाशी (दापोली)

दादा, तुमची अडचण वेगळी आहे. वांग्याचं रोप आपण बियापासून करतो, म्हणून मूळ सुरुवातीला निरोगी धरता येतं. आल्यात रोग कंदाच्या आत बसूनच शेतात येतो. बेणं आजारी असेल तर बाहेरच्या रहिवाशांना काही करता येत नाही, कारण तो आधीच दाराच्या आत आहे. तेव्हा आधी बेणं. मर कधीच न दिसलेल्या प्लॉटचं घ्या, काढणीच्या वेळी स्वतः जाऊन प्लॉट बघून घ्या, आणि प्रत्येक पोत्यातले दोन-चार कंद कापून काचेच्या ग्लासात धरा. ज्या दीड एकरात बसलं तिथे निदान तीन वर्षं आलं नको. शेणखत द्या, पण मळ्याची माती आणण्याआधी त्या मळ्यात मागे काय काय पिकलं ते विचारा. टोमॅटो किंवा बटाटा मेला असेल तर ती माती आणू नका.